खोली करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची झोप, जेवण आणि मन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून तुम्ही जळगावला शिकायला आलात, तिघा मित्रांसोबत खोली करून राहता आणि बी.एस्सी.चे दुसरे वर्ष चालू आहे. दिवाळीपासून रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नाही, जाग दहाला येते आणि सकाळची लेक्चर्स बुडतात. डोके दुखते, मधूनच छातीत धडधडते, वजन चार किलोंनी उतरले आहे, एक विषय मागे राहिला आहे, आणि पुस्तक उघडले तरी डोळे नुसते ओळींवरून फिरतात. जिम लावली, ती आठवड्यात सुटली. एक मित्र अश्वगंधा सुचवतो, दुसरा प्रोटीन पावडर. यांतले काय घ्यावे, आणि आपले मनच कमकुवत आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी जळगावातच फिजिशियन म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत तुमच्या वयाचे विद्यार्थी पुष्कळ असतात. काही खोली करून राहणारे, काही वसतिगृहातले, तर काही भुसावळ, पाचोरा किंवा चोपड्याहून रोज अप-डाऊन करणारे. त्यांच्या अनुभवावरून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्या प्रश्नाने तुम्हाला जास्त त्रास दिलेला दिसतो. मनाचा कमकुवतपणा असे कोणतेही निदान मी आजवर केलेले नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांपैकी प्रत्येकाला शरीरात किंवा दिनक्रमात शोधता येण्यासारखे कारण असते, आणि बहुतेक वेळा ती कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गावी असताना तुमचा दिवस तुम्ही एकट्याने सांभाळत नव्हता. पहाटे कोणीतरी हाक मारत असे, भाकरी ठरल्या वेळी ताटात येत असे, संध्याकाळी शेतात किंवा गोठ्यात काही काम असे आणि रात्री घरातला दिवा वेळेवर मालवला जात असे. शहरात आल्यावर हे सगळे एकदम सुटले आणि त्याच्या जागी दुसरे काहीच आले नाही. म्हणून अश्वगंधा की पावडर, हा खरा प्रश्न नाही. शरीरात एखादा आजार दडला आहे का हे आधी पाहणे, आणि मग सुटलेला दिनक्रम कोणत्या क्रमाने पुन्हा बांधायचा हे ठरवणे, असा तो प्रश्न आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगायला हवे. वजन जेवण सुटल्यामुळे उतरले की नीट जेवत असतानाही उतरले, धडधड बसल्या जागी होते की जिना चढताना, घरात कोणाला थायरॉइडचा, सिकलसेलचा (हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) किंवा मनाचा आजार आहे का, या उत्तरांनी माझा सल्ला बदलेल. लिहून पाठवलेल्या प्रश्नावरून निदान करणे योग्य नाही. त्यामुळे पुढचे सगळे वाचताना एक गृहीत धरा, की या आठवड्यात तुम्ही एखाद्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवणार आहात.

ती तपासणी मी सर्वांत आधी ठेवतो, कारण वजन उतरणे ही आळसाची खूण नव्हे. रक्ताची संपूर्ण तपासणी, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्व, एवढ्या साध्या तपासण्यांतून पुष्कळ कळते. धडधडीसाठी एकदा ईसीजी काढावा. पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि त्यात धाप, धडधड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष न लागणे हे सगळे होऊ शकते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळची कणकण किंवा रात्री घाम येत असेल, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नका. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि अर्धपोटी असणाऱ्या मुलांना हा आजार होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व उपचार दोन्ही मोफत आहेत. तुम्ही सातपुड्याच्या पट्ट्यातले आहात, म्हणून आणखी एक सांगतो. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. तुमची ती तपासणी पूर्वी झालेली नसेल तर करून घ्या. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांना पाणी कमी पडणे, अतिश्रम, जागरण आणि ताप यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, त्यामुळे वसतिगृहात राहण्याआधीच हे माहीत असलेले बरे.

हीच लक्षणे एखाद्या मुलीने सांगितली असती, तर मी पाळीबद्दल आणि पाणी पिण्याबद्दल आवर्जून विचारले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. त्यात बसस्थानकावरची आणि कॉलेजातली स्वच्छतागृहे वापरण्यासारखी नसतात म्हणून अप-डाऊन करणाऱ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाचा संसर्ग आणि डोकेदुखी यांसाठी त्या आमच्याकडे येतात. हा त्या मुलींचा दोष नाही, आणि कॉलेज प्रशासनाने यात लक्ष घालायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आता झोप. माझ्या मते तुमच्या दिनक्रमाची दुरुस्ती इथूनच सुरू व्हायला हवी. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते. विशीच्या आसपास शरीराचे घड्याळ थोडे उशिराकडे झुकलेले असते, त्यामुळे रात्री दहाला झोप न येणे हे नैसर्गिक आहे; पण दोन-अडीच ही वेळ त्या झुकण्याने येत नाही. ती मोबाइल, संध्याकाळनंतरचा चहा, दुपारची लांबलेली झोप आणि अंथरुणात पडून केलेली काळजी यांतून येते. बहुतेक विद्यार्थी ‘आजपासून अकराला झोपायचे’ असे ठरवून सुरुवात करतात आणि तिथेच हरतात, कारण झोप आज्ञेने येत नाही. उठणे मात्र आपल्या हातात असते. म्हणून आधी उठण्याची वेळ बांधा. आज दहाला उठत असाल तर दोन-तीन दिवस साडेनऊ, मग नऊ, असे अर्ध्या अर्ध्या तासाने सहा-साडेसहापर्यंत या. रात्री कितीही उशीर झाला तरी उठण्याची वेळ बदलू नका, आणि रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नका. उठल्यावर लगेच गॅलरीत, गच्चीवर किंवा रस्त्यावर वीस-तीस मिनिटे उजेडात घालवा. सकाळच्या उजेडाने मेंदूतले घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकते, आणि काही दिवसांत रात्रीची झोपही आपोआप अलीकडे येऊ लागते.

चहाबद्दल एवढेच लक्षात ठेवा, की घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे सायंकाळी सहाचा कडक चहा किंवा परीक्षेच्या काळातले एनर्जी ड्रिंक रात्री अकरालाही अंगात असते, आणि धडधडीला तेही हातभार लावते. दुपारी चारनंतर दोन्ही बंद ठेवा. मोबाइल उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्या. अर्धा तास पडूनही झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात एखादे कंटाळवाणे काम करा, म्हणजे अंथरूण हे काळजीचे ठिकाण होत नाही. खोलीतल्या इतरांचे काय, असे तुम्ही विचाराल. चौघांची खोली असेल तर एकट्याची झोप सुधारत नाही. त्यामुळे मोठा दिवा किती वाजता बंद व्हायचा आणि नंतर ज्याला जागायचे त्याने टेबल लॅम्प व इयरफोन वापरायचे, एवढे चौघांनी बसून ठरवा. मी अनेक मुलांना हे करायला सांगतो, आणि बहुतेकांचा अनुभव असा असतो, की खोलीतल्या प्रत्येकाला तेच हवे होते, फक्त कोणी बोलले नव्हते.

खानदेशातल्या उन्हाळ्याचा विचार केल्याशिवाय झोपेचा सल्ला पुरा होत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. गावाकडे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, किंवा अंगणात झोपण्याची रीत त्यासाठीच होती. कठडा असलेली सुरक्षित गच्ची असेल तर तिथे मच्छरदाणी लावून झोपावे. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण ओलसर हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. त्या दिवसांत दुपारची अर्ध्या तासाची झोप घ्यायला हरकत नाही. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. अनेकांची दुपारची डोकेदुखी ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि साधे पाणी यांनीच कमी होते. डोकेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच गोळी आणून महिन्यात दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्या गोळीमुळेच नवी डोकेदुखी सुरू होते, हेही ध्यानात ठेवा. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

जेवणाबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे: सकाळी काही खात नाही, मेसचे जेवण जात नाही, रात्री बाहेर काहीतरी खातो. त्या ओळीच्या मागे पैशांचा प्रश्न असावा असे मला वाटते, कारण तो बहुतेकांच्या बाबतीत असतोच. कापसाला भाव मिळाला नाही किंवा केळीची बाग वादळात आडवी झाली, की त्या वर्षी मुले घरी न सांगता एका वेळचा डबा बंद करतात. घरून फोन आला आणि ‘जेवलास का?’ असे विचारले, की हो म्हणतात. मला या मुलांबद्दल फार आदर वाटतो, पण एक गोष्ट त्यांना स्पष्टपणे सांगावी लागते. उपाशी मेंदूने केलेला अभ्यास टिकत नाही, आणि त्यातून राहिलेल्या विषयाची फी व वाया गेलेले सेमिस्टर यांचा खर्च त्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. काटकसर करायचीच असेल तर मोबाइलच्या रिचार्जमध्ये, एनर्जी ड्रिंकमध्ये, पावडरीत करा. डब्यात करू नका.

प्रोटीन पावडरीचा हिशोबच मांडून पाहू. निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या मुलाला सुमारे ४६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात आणि एका मोठ्या भाकरीत साधारण तितकीच मिळतात. दोन्ही वेळचे जेवण, वरण आणि सकाळचा नाश्ता असेल तर हा आकडा सहज गाठला जातो. आपल्याकडची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तर या दृष्टीने फार चांगली आहे. ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी असते ते उडदात भरपूर असते आणि उडदात जे कमी असते ते ज्वारीत मिळते, म्हणून दोन्ही एकत्र दळल्यावर प्रथिनांचा दर्जा वाढतो. गावाहून येताना कळण्याचे पीठ, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ आणा. खोलीत स्वयंपाकाची सोय नसेल तरी रात्री भिजवलेले हरभरे किंवा मूग, दोन केळी आणि दूध एवढा नाश्ता चूल न पेटवताही होतो. जेवणासोबत लिंबू पिळून घ्या आणि जेवणानंतर निदान तासभर चहा टाळा, कारण चहामुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते. शेवभाजी कोणी सोडा असे मी म्हणणार नाही, पण रोज रात्री अकराला हॉटेलातली तर्रीदार शेवभाजी खाऊन आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते, आणि ती जळजळही झोप मोडते. अश्वगंधेने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे रक्ततपासणीआधी मित्राच्या सांगण्यावरून ती सुरू करू नका.

व्यायामाचे फार मनावर घेऊ नका. झोप आणि जेवण मोडलेले असताना लावलेली जिम सुटणारच होती. आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालणे प्रौढांना पुरेसे आहे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. मेहरुण तलावाकाठी किंवा कॉलेजच्या मैदानावर सकाळी चाला; उजेड मिळण्याचे कामही त्यातच होते. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी चालणे संपवा. गुटखा किंवा मावा खात असाल तर तो या यादीत सर्वांत आधी थांबवायचा, कारण परीक्षेच्या जागरणाला लागलेली ती सवय परीक्षेनंतर सुटत नाही.

आता मनाकडे वळतो. शरीराच्या मागे ते आले म्हणजे त्याचे महत्त्व कमी असा अर्थ नाही. गेले दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला, म्हणजे क्रिकेट, मित्र, गावची यात्रा यांतला रस गेला आहे का? स्वतःला सतत दोष देता का? आपण नसलो तर बरे, असे वाटते का? पहिल्या दोनपैकी एकाचे उत्तरही हो असेल, आणि सोबत झोप, भूक व एकाग्रता बिघडलेली असेल, तर हे नैराश्य असू शकते. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. उदासी नाही, पण सतत भीती, छातीत धडधड आणि काहीतरी वाईट घडणार असे वाटणे असेल, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे दोन्हींत बसतात, आणि म्हणूनच ती कोणीतरी समोर बसून नीट विचारायला हवीत.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटल्यावर आपल्याकडच्या मुलांचा पहिला प्रश्न असतो तो कोणी पाहिले तर काय होईल, आणि दुसरा, की गोळ्यांची सवय लागली तर काय करायचे. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग इतर विभागांसारखाच चालतो, आणि तिथे कोण कशासाठी आले आहे हे कोणी विचारत नाही. तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला आहे. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावर त्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. सौम्य त्रासात गोळ्यांशिवाय नुसत्या समुपदेशनानेही बरे वाटते. मध्यरात्री मन फार जड झाले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. जगणे नको असे विचार येत असतील, तर त्या रात्री एकटे राहू नका. खोलीतल्या मित्राला उठवा, फोन करा आणि त्याच वेळी जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मित्रांनाही सांगतो, की अशा वेळी ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट ज्याला विचारले त्याला बोलायला वाट मिळते.

अभ्यासात मागे पडण्याचे एक कारण मला आपल्या भागातल्या मुलांमध्ये वारंवार दिसते, ते म्हणजे वर्गातली भाषा. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळा मराठीत आणि बी.एस्सी. एकदम इंग्रजीतून. पहिल्या महिन्यात समजले नाही ते विचारायचा संकोच वाटतो, मग पुढचे समजत नाही, मग वर्गात जावेसेच वाटत नाही. जाग उशिरा येते म्हणून लेक्चर बुडते हे खरे. पण लेक्चर नकोसे वाटते म्हणूनही जाग उशिरा येते. तुमच्या बाबतीत असे होत असेल, तर त्या राहिलेल्या विषयाच्या प्राध्यापकांना एकांतात भेटा आणि मराठीतून विचारा. बहुतेक प्राध्यापक याच भागातले असतात आणि आनंदाने समजावून सांगतात. तोच विषय राहिलेले दोन-तीन जण मिळून रोज तासभर बसा. एकट्याने खोलीत पाच तास पुस्तक उघडून ठेवण्यापेक्षा त्या तासाचा उपयोग जास्त होतो, आणि दिवसाला एक ठरलेली वेळही मिळते.

घरी काय सांगायचे, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. पण काहीच न सांगणे मला योग्य वाटत नाही. आईला सगळे एकदम सांगून घाबरवायचे नसेल, तर आधी मोठा भाऊ, मामा किंवा गावातले एखादे समजूतदार शिक्षक यांना सांगा. ‘तब्येत बरी नाही, वजन उतरले आहे, तपासण्या करतो आहे,’ एवढे वडिलांना सांगण्यात लपवण्यासारखे काही नाही. आपल्याकडच्या वडिलांना भावना बोलून दाखवता येत नाहीत, पण मुलाचे वजन उतरले हे ऐकल्यावर ते दुसऱ्या दिवशी डबा आणि पीठ घेऊन एसटीने येतात.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात डॉक्टर आणि तपासण्या, त्याच आठवड्यात उठण्याची वेळ आणि सकाळचा नाश्ता, दुसऱ्या आठवड्यापासून चालणे आणि राहिलेल्या विषयाचा तास. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर गेल्या सात दिवसांची झोपण्याची व उठण्याची वेळ, रोज काय खाल्ले, किती चहा, कोणत्या गोळ्या, धडधड केव्हा आणि किती वेळ झाली, आणि सहा महिन्यांपूर्वीचे व आजचे वजन लिहून न्या. मनाबद्दल विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरेही त्याच कागदावर लिहा, कारण तोंडाने सांगायला जड जाणारी गोष्ट पुष्कळदा लिहून देता येते. चक्कर येऊन पडणे, चालताना किंवा पळताना छातीत दुखणे, सकाळी उलटीसह डोके दुखणे किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काही झाले, तर आठवडा संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. तीन आठवड्यांनी पुन्हा वजन करा. झोप आणि जेवण सुधारूनही ते वाढले नसेल किंवा आणखी उतरले असेल, तर तपासण्यांचे कागद घेऊन फिजिशियनकडे परत जायचे आहे.